रकाने कोण आखणार?

रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. १८६६ साली येथे जन्मलेल्या कृष्णाजी केशव दामले यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हटले जाते. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या प्रयत्नांतून गावात त्यांचे स्मारक उभे राहिले आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गणपतीपुळ्याला येणारे पर्यटक वाट वाकडी करून हे स्मारक पाहून जातात. ‘तुतारी’चा कवी म्हणून त्यांना केशवसुत माहीत असतात. पण याच कवीने ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ नावाचीही एक कविता लिहिली आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असते? एकोणिसाव्या शतकात एका ब्राह्मण घरात जन्मलेल्या कवीला एवढे निश्चित कळले होते की, अंत्यजाच्या मुलालाही प्रश्न पडतो आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

आज परिस्थिती कशी आहे? कोकणातल्या कुठल्याही वाडीतला बौद्ध मुलगा बारावी झाला की त्याच्या हातात मोबाईल असतो आणि मोबाईलवर एक फॉर्म उघडलेला असतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म, प्रवेशाचा फॉर्म, जातीच्या दाखल्याचा फॉर्म, नोकरीचा फॉर्म. प्रश्न त्या मुलाने विचारायचे नाहीत. त्यालाच प्रश्न विचारले जातात. नाव काय, आडनाव काय, बापाचे नाव काय, धर्म काय, जात काय, पोटजात काय, वाडी कुठली? लाल फुलीचे चिन्ह असलेला एकही रकाना रिकामा राहिला तर फॉर्म पुढे सरकत नाही. पूर्वी गावचा कारभारी विचारायचा, आता पडदा विचारतो. विचारणारा बदलला, पण प्रश्न ठरविणारा कोण, हा मुद्दा आहे तिथेच आहे.

आपली चळवळ फॉर्म भरण्यात पटाईत झाली आहे. वस्तीवस्तीत दाखल्यांची शिबिरे लागतात, कार्यकर्ते रात्री जागून मुलांचे अर्ज भरून देतात. हे काम मोठे आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. परंतु फॉर्म भरणे आणि फॉर्म बनविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरणारा उत्तर देतो. बनविणारा ठरवितो की उत्तर कोणकोणते असू शकते. आंबेडकरी समाजाने आता दुसऱ्या कामाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम फॉर्म बनतो कसा ते पाहू. आज एखाद्या मंडळाला, वाचनालयाला किंवा पतपेढीला स्वतःचे संकेतस्थळ काढायचे तर वर्डप्रेससारखे साधन मोफत मिळते. जगभरातील असंख्य संकेतस्थळे त्यावर चालतात. त्यात सभासद नोंदणी सुरू केली की जो मूळचा फॉर्म समोर येतो, त्यात किती रकाने असतात? फक्त दोन. वापरकर्त्याचे नाव आणि ईमेल. त्या यंत्राला माणूस ओळखायला एवढेच पुरते. बाकीचे सगळे रकाने बनविणारा आपल्या हाताने जोडतो. संगणकाच्या भाषेत त्यांना ‘कस्टम फील्ड’ म्हणतात. रकाना मोकळा ठेवायचा की यादीतून निवडायला लावायचे, सक्तीचा करायचा की ऐच्छिक, भरलेली माहिती कोणाला दिसावी, हे सारे तोच ठरवितो.

म्हणजे काय झाले? यंत्राला जात लागत नाही. धर्म लागत नाही. पोटजात, गोत्र, कुलदैवत तर मुळीच लागत नाही. फॉर्मवर हे जे काही येते ते माणसाच्या डोक्यातून येते. ‘सिस्टीम घेत नाही हो’ असे खिडकीमागचा बाबू सांगतो, तेव्हा ते खोटे असते असे नाही, पण ते अर्धवट खरे असते. सिस्टीमला काय घ्यायचे आणि काय नाकारायचे, हे कोणीतरी बसून ठरविलेले असते. तो कोणीतरी आपल्यापैकी क्वचितच असतो.

एका नोंदीचे मोल काय असते, हे आपल्या समाजाला सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर एका मुलाचे नाव लिहिले गेले : भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, मूळ गाव याच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावाच्या नावावरून आलेले आडनाव रजिस्टरच्या रकान्यात बसले आणि पुढे ते जगभर गेले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. शाळेतल्या एका ओळीची ही ताकद आहे.

धर्माच्या रकान्याचा इतिहास तर आपण स्वतः घडविला आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या अवघी अडीच हजारांच्या घरात होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली आणि १९६१ मध्ये हाच आकडा सुमारे २८ लाखांवर गेला. हा आकडा आकाशातून पडला नाही. दारात आलेल्या गणकापुढे निरक्षर आयाबायांनी ‘आमचा धर्म बौद्ध लिहा’ असे ठासून सांगितले म्हणून तो उभा राहिला. धर्मांतर मैदानावर झाले, पण त्याची नोंद घराघराच्या उंबरठ्यावर, एकेका रकान्यासाठी आग्रह धरून झाली.

मात्र त्याच वेळी दुसऱ्या रकान्याने आपली कोंडी केली. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदू नसलेल्याला जागा नव्हती. १९५६ मध्ये शीख बांधवांना त्यात पूर्णपणे घेतले गेले. बौद्धांसाठी मात्र १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत केंद्राच्या सवलतींसाठी अर्ज करणाऱ्या तरुणाला बुद्ध की भाकरी असा सवाल घातला गेला. कित्येकांनी घरात बुद्धवंदना म्हटली आणि कागदावर ‘हिंदू महार’ लिहिले. त्यांना नावे ठेवण्याचा कोणालाही अधिकार नाही. फॉर्ममध्ये दोन्ही सत्ये एकत्र मावतील अशी जागाच ठेवली नव्हती, हा दोष फॉर्म ठरविणाऱ्यांचा होता. आजही आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’ आणि मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ अशा तीन पिढ्यांच्या तीन नोंदी घेऊन आपली माणसे पडताळणी समितीपुढे उभी राहतात. तिन्ही नोंदी एकाच रक्ताच्या असतात, वेगळे असतात ते त्या त्या काळचे रकाने.

याचा परिणाम आकड्यांतही दिसतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातीत मोजले गेले ते सुमारे ५२ लाख. मधल्या तेरा लाखांत इतर समाजांतून धम्मात आलेले बांधव असतील. पण धर्माच्या रकान्यातही ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’ असे अभिमानाने सांगणारे आपलेच लोकही त्यात आहेत, हे कार्यकर्ते जाणतात. ‘बौद्ध’ हे नाव अनुसूचित जातींच्या यादीत नाही. त्यामुळे असे सांगणारा माणूस त्या मोजणीतून आपोआप बाहेर पडतो. धम्म ही आपली निवड आहे आणि जातीची नोंद हा आपल्यावर झालेल्या अन्यायाच्या भरपाईचा कायदेशीर पुरावा आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चांगला फॉर्म हे दोन प्रश्न वेगळे विचारतो आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावर लादत नाही. जात ‘महार’ निवडली की धर्म आपोआप ‘हिंदू’ पडावा, असा फॉर्म कोणी बनविला तर तो संगणकाचा दोष नसतो, ते त्या बनविणाऱ्याचे अज्ञान असते किंवा डाव असतो.

रकाना चुकीचा आखला की केवढा अनर्थ होतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणनेचे आहे. त्या गणनेत जातीसाठी ठरलेली यादी नव्हती. मोकळी जागा होती आणि सांगेल ते नोंदवून घेतले गेले. १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. २०११ मध्ये जाती, पोटजाती, आडनावे, गोत्रे, सगळे मिळून ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली! केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन हे सांगितले आणि ही माहिती वापरण्याजोगी नाही म्हणून हात झटकले. त्याच प्रतिज्ञापत्रानुसार महाराष्ट्रात याद्यांतील जाती ४९४ असताना नावे भरली ४ लाख २८ हजार ६७७.

ओबीसी बांधवांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात लोंबकळत असताना हा आकड्यांचा ढीग कोणाच्याही उपयोगी पडला नाही. खापर कोणावर फुटले? लोकांवर. लोकांना आपली जात धड सांगता येत नाही, स्पेलिंग येत नाही, असे म्हटले गेले. पण घरोघरी यंत्र घेऊन गेलेल्या गणकाच्या पडद्यावर जातींची मान्य यादी आणि त्यांची स्थानिक पर्यायी नावे असती, ‘यादीत नाही’ असा शेवटचा पर्याय असता आणि त्यापुढेच मोकळी जागा असती, तर हा गोंधळ झाला असता का? महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत एकाच नोंदीखाली महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू अशी नावे एकत्र दिलेली आहेत. म्हणजे पर्यायी नावे एका नोंदीखाली आणण्याची पद्धत सरकारला १९५० पासून माहीत होती. माहीत असलेली गोष्ट पडद्यावर का आली नाही, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. दोष सांगणाऱ्या माणसांचा नव्हता, रकान्याचा होता.

आता देशाच्या नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद त्यात घेण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. ही जनगणना डिजिटल आहे आणि नागरिकाने आपली माहिती ऑनलाइन स्वतः भरण्याची सोयही तिच्यात ठेवली आहे. १९६१ मध्ये आपण गणकाच्या पेन्सिलीवर लक्ष ठेवले होते. आता पडद्यावरच्या यादीवर लक्ष ठेवावे लागेल. धर्म बौद्ध आणि जात यादीतील, ही दोन उत्तरे एकाच व्यक्तीच्या नावावर स्वच्छ बसतात की नाहीत, हे प्रत्येक घराने भरताना पाहिले पाहिजे आणि ‘सबमिट’ करण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचले पाहिजे.

फॉर्ममध्ये रकान्यांखेरीज आणखी एक गोष्ट असते : घड्याळ. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये भरण्याची मुदत २४ जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत होती. गावातून पैसे गोळा करेपर्यंत शेवटची मिनिटे उरली आणि पोर्टल बंद झाले. जागा गेली. त्या मुलाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा ३० सप्टेंबरला घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली त्याला प्रवेश मिळाला. त्याआधी २०२१ मध्ये तांत्रिक बिघाडामुळे शुल्क भरता न आलेल्या दुसऱ्या एका दलित विद्यार्थ्याला मुंबईच्या आयआयटीतील प्रवेशासाठी हेच करावे लागले होते. दोघांनाही न्याय मिळाला, याचा आनंद आहे. पण प्रत्येक मुलाने एका बटणासाठी दिल्ली गाठायची काय? घड्याळ लावणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो विद्यार्थी असतो, त्याच्या बापाच्या खात्यात पैसे आधीच पडलेले असतात, घरात नेट असते आणि वीज जात नाही. कोकणात ऐन पावसाळ्यात, म्हणजे प्रवेशाच्याच दिवसांत, वीज आणि नेटवर्क दोन्ही जाते. हे ज्याला माहीत आहे तो भरलेला अर्धा फॉर्म जपून ठेवण्याची सोय करील, मुदत संपण्याआधी सुरू झालेला व्यवहार पूर्ण होऊ देईल आणि अर्ज पोचल्याची पावती देईल. ज्याला माहीत नाही तो यातले काहीच करणार नाही. त्याच्या मनात द्वेष असेलच असे नाही. त्याने आपले जगणे पाहिलेले नाही, एवढे नुकसानीला पुरेसे आहे.

येथवर सरकारला बोल लावला. आता आरसा स्वतःकडे फिरविला पाहिजे, नाहीतर हे लिखाण अप्रामाणिक ठरेल. आपल्या संस्थाही आता फॉर्म काढू लागल्या आहेत. गावचे मंडळ आणि त्याची मुंबई शाखा यांची सभासद नोंदणी, धम्म शिबिरांची नोंदणी, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराची नोंदणी, वधू-वर सूचक मंडळांची नोंदणी. या फॉर्मवर आपण काय विचारतो?

वधू-वर नोंदणीचे फॉर्म काढून पाहा. वर निळ्या अक्षरांत ‘बौद्ध वधू-वर’ लिहिलेले असते, शेजारी तथागतांचे चित्र असते आणि खाली पोटजातीचा रकाना असतो! काही ठिकाणी तर तो सक्तीचा. वर सांगितले की यंत्राला दोनच रकाने लागतात, बाकीचे आपण जोडतो. मग हा रकाना कोणी जोडला? मनुस्मृतीने की आपल्या कार्यकारिणीने? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेच्या नाशासाठी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला होता आणि आपण धम्माच्या छत्राखाली पोटजातीचे कप्पे करून ठेवले आहेत. ‘लोक विचारतात म्हणून ठेवतो’ हे उत्तर चालणार नाही. लोक हुंडाही विचारतात. त्याचा रकाना आपण ठेवतो का?

यावर काही जण म्हणतील, मग सरकारी फॉर्मवरची जातही काढून टाका, जात विचारली नाही की जात जाईल. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. ज्यांचे जातीने काही बिघडले नाही, उलट साधलेच, ते तो नेहमी करतात. त्याला उत्तर साधे आहे. प्रश्न कशासाठी विचारला जातो, हे पाहा. प्रतिनिधित्व मोजण्यासाठी, शिष्यवृत्ती देण्यासाठी, किती मुले गळाली हे शोधण्यासाठी जात विचारली जाते तेव्हा तो प्रश्न जखमेवर औषध लावण्यासाठी असतो. डॉक्टरने जखम न पाहता औषध द्यावे, असे कोणी म्हणत नाही. पण स्वयंपाकघरात कोणाला घ्यायचे, मुलगी कोणाला द्यायची, खोली भाड्याने कोणाला द्यायची हे ठरविण्यासाठी विचारलेली जात ही जखम करण्यासाठीच असते. रकाना तोच, हेतू वेगळा. म्हणून प्रत्येक रकान्यापुढे ‘हे आम्ही का विचारतो’ अशी एक ओळ लिहिण्याची सक्ती आपण स्वतःवर करून घ्यावी. ती ओळ लिहिता आली नाही तर तो रकाना काढून टाकावा. पोटजातीच्या रकान्यापुढे ही ओळ प्रामाणिकपणे लिहून दाखवा, असे माझे सर्व सूचक मंडळांना जाहीर आवाहन आहे.

जात न विचारताही जात विचारली जाते, हेही लक्षात घेतले पाहिजे. कोकणात पत्ता म्हणजे वाडी. मुक्काम पोस्ट मालगुंड एवढ्याने पोस्टमनचे भागत असेल, पण फॉर्मवर वाडीचा रकाना आला की माणूस कोण ते कळते, कारण आपल्याकडे वाड्याच जातीवर वसल्या आहेत. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने. ‘बौद्धवाडी’ या नावाचा आपल्याला अभिमान आहे आणि ते गावातल्या पाटीवर असण्याला आपली हरकत नाही. पण मुंबईतल्या नोकरीच्या अर्जावर तीच वाडी विचारली गेली तर तो अभिमान मुलाखतीआधीच मोजला जातो. आडनावाचेही तसेच. म्हणून पहिल्या पायरीवर नोंदणीसाठी गाव आणि पिनकोड पुरे. वाडी लागेल तेव्हा, लागेल त्याच्याकडून घ्यावी.

नावाच्या रकान्यांचाही विचार करा. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, हे तीन खण आपण डोळे मिटून ठेवतो. आईने एकटीने वाढविलेल्या मुलाने मधल्या खणात काय लिहायचे? आडनाव टाकून दिलेल्या कार्यकर्त्याने तिसऱ्या खणात काय लिहायचे? १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव आधी लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. सावित्रीमाई, रमाई यांच्या नावाने जयजयकार करणाऱ्या आपल्या मंडळांच्या फॉर्मवर आईचा रकाना आहे का? ‘पूर्ण नाव, जसे आपण लिहिता तसे’ असा एकच मोठा रकाना ठेवला तर यातले बरेच प्रश्न सुटतात. नाव देवनागरीत स्वीकारलेच पाहिजे. कांबळे हे आडनाव इंग्रजीत एका दाखल्यावर एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या स्पेलिंगने येते आणि त्या एका अक्षरापायी मुलाची शिष्यवृत्ती अडकते. मराठीत ते आडनाव एकाच पद्धतीने लिहितात.

यानंतरचा मुद्दा धोक्याचा आहे. भरलेला फॉर्म जातो कुठे? समोरचा रकाना दिसतो, मागचे कपाट दिसत नाही. उत्साही कार्यकर्ता फुकटातला फॉर्म बनवितो, गटावर लिंक टाकतो, आठ दिवसांत पाचशे कुटुंबांची नावे, जात, फोन, मुलींची वये, उत्पन्न, सगळे एका तक्त्यात जमा होते. मग तो तक्ता ‘माहितीसाठी’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो. निवडणुकीच्या हंगामात अशा तक्त्याला गिऱ्हाईक मिळते आणि दंगलीच्या दिवसांत अशी यादी चुकीच्या हातात पडली तर काय होते, हे या देशाने पाहिले आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम २०२५ मध्ये आले. माहिती घेताना हेतू स्पष्ट सांगावा, त्या हेतूला लागेल तेवढ्याच माहितीला संमती धरावी, दिलेली संमती मागे घेता यावी आणि ही सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा, असे हा कायदा सांगतो. ते चांगले आहे. पण २०१९ च्या विधेयकात जात-जमात आणि धर्मश्रद्धा यांना ‘संवेदनशील’ माहितीचा वेगळा दर्जा होता, तो २०२३ च्या कायद्यात राहिला नाही. कायद्याच्या लेखी जात आणि पिनकोड एका पंक्तीत बसले. तेव्हा आपल्या माणसांची माहिती जपण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येऊन पडते.

म्हणून मालगुंड असो की मंडणगड, ज्या मंडळाला आपली नोंदणी ऑनलाइन करायची आहे त्याने काही पथ्ये पाळावीत. आधी कागदावर लिहावे की ही नोंदणी कशासाठी आहे : सभासद किती ते कळावे म्हणून, की मुलांना शिष्यवृत्तीची आठवण करून द्यावी म्हणून. त्या कामाला लागतील तेवढेच रकाने घ्यावेत. सक्तीचे रकाने मोजून तीन-चार असावेत. ईमेल सक्तीचा नको, कारण वाडीतल्या आजीला ईमेल नसतो, आणि एका मोबाईलवर एकच नोंदणी हा नियम नको, कारण एका घरात फोन एकच असतो. जात विचारायचीच असेल तर ऐच्छिक असावी, कारण लिहावे आणि धर्माचा प्रश्न स्वतंत्र ठेवावा. स्त्री, पुरुष यांबरोबर तृतीयपंथी व्यक्तीला जागा असावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच तो हक्क मान्य केला आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेऊ नये.

तांत्रिक बाजूही दोन शब्दांत सांगतो. फॉर्म संकेतस्थळाच्या समोरच्या पानावर ठेवावा. नोंदणी करणाऱ्याला व्यवस्थापनाच्या आतल्या पानात शिरावे लागू नये. नव्याने नोंदलेल्याला सर्वांत खालचा अधिकार द्यावा. त्याला फक्त स्वतःची माहिती दिसावी आणि ती दुरुस्त करता यावी. भरलेल्या माहितीची तपासणी केवळ मोबाईलच्या पडद्यावर न करता संकेतस्थळाच्या सर्व्हरवरही करावी, कारण पडद्यावरची तपासणी कोणीही चुकवू शकतो. चूक झाली तर ‘अवैध नोंद’ असे दरडावू नये, ‘फोन नंबर दहा आकडी हवा’ असे सरळ सांगावे आणि आधी भरलेले पुसू नये. सर्व माहिती पाहण्याचा अधिकार दोनच पदाधिकाऱ्यांना असावा, त्यांतली एक महिला असावी. काम संपले की माहिती नष्ट करण्याची तारीख सर्वसाधारण सभेत ठरवून फॉर्मवरच छापावी. फॉर्म सुरू करण्यापूर्वी वाडीतल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला तो भरायला द्यावा. तो जिथे अडेल तिथे फॉर्म चुकला आहे असे समजून दुरुस्ती करावी.

हे सारे करायला कोणी बाहेरचा लागत नाही. आपली शेकडो मुले आज पुणे, मुंबई, बंगळूरमध्ये संगणकाच्या कंपन्यांत काम करतात. दिवसभर ती बँकांसाठी, विमा कंपन्यांसाठी, परदेशी दुकानांसाठी फॉर्म बनवितात. जयंतीला ती वर्गणी देतात, ती घ्यावीच. पण वर्गणीबरोबर त्यांचा एक रविवार मागावा. त्या रविवारी त्यांनी गावच्या महिला मंडळाबरोबर बसावे आणि नोंदणीचा फॉर्म ओळीओळीने तयार करावा. कोणता प्रश्न विचारायचा, कोणता नाही, यावर वाद व्हावा, मतदान व्हावे. सरकार जेव्हा नवे पोर्टल काढते तेव्हा हीच मुले आणि ह्याच बायका तालुक्याच्या अधिकाऱ्यापुढे लेखी हरकत घेऊन उभ्या राहू शकतील : साहेब, अमुक क्रमांकाचा रकाना सक्तीचा का, तमुक यादीत ‘बौद्ध’ का नाही, मुदत रात्री बाराऐवजी सायंकाळी पाचला का संपते? नुसत्या घोषणेला उत्तर न देता अधिकारी खुर्चीत बसून राहू शकतो. क्रमांक लिहून विचारलेल्या प्रश्नाला त्याला लेखी उत्तर द्यावे लागते.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर प्रत्येक मंडळाने एक विषय घ्यावा : ‘आपल्या नोंदणी अर्जाचे वाचन व दुरुस्ती’. अर्ज मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक रकान्यापाशी थांबून विचारावे, हे आपण का विचारतो? ज्याचे उत्तर सभेत देता येणार नाही, तो रकाना त्याच सभेत ठराव करून खोडावा. पोटजातीपासून सुरुवात केली तर उत्तम. जयभीम.